प्रस्तावना : गिअरबॉक्स उघडण्याआधी

चेन्नईजवळच्या एन्नोरच्या कामराजर बंदरातून एकीकडे कोळसा उतरतो आणि दुसरीकडे नव्या गाड्या परदेशी जातात. २००१ मध्ये हे बंदर सुरू झालं ते वीजकेंद्रांना कोळसा पोचवण्यासाठी. २०१०च्या सुमारास ओरगडमच्या रेनो-निस्सान कारखान्यातल्या गाड्या इथून जहाजात चढू लागल्या आणि पुढे इतर कंपन्यांनीही हाच मार्ग धरला. यातल्या कितीतरी गाड्यांना क्लचचं पेडल नसतं. अशी एखादी गाडी समुद्रापलीकडच्या कुठल्या गावात अडली आणि तिथल्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, तर त्याला कदाचित पी०७१५ हा कोड दिसेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुसऱ्याच कंपनीच्या गाडीवर तोच कोड आला तरी अर्थ बदलत नाही : गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा, म्हणजे टर्बाइनचा, वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे.

कोड जगभर एकच असतो. तो वाचल्यावर मेकॅनिक काय करतो, ते मात्र गॅरेजागणिक बदलतं. एक जण सेन्सर बदलतो. दुसरा सांगतो, ‘गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल.’ तिसरा बॉनेट उघडून आधी बॅटरीचं टर्मिनल हलवून बघतो, मग वायरिंगचा कपलर सोडवून आतल्या पिना भिंगाखाली धरतो. हे पुस्तक त्या तिसऱ्या माणसासाठी आहे आणि पहिल्या दोघांना त्याच्या वाटेवर आणण्यासाठीही.

एन्नोरमध्ये राहून हे लिहिलं गेलं याला कारण आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या शत्रूंची यादी करायला बसलो तर त्यातले बहुतेक या परिसरात सापडतात. समुद्राचा खारा वारा वर्षभर वाहतो आणि कपलरमधल्या पिनांवर हिरवट थर चढवतो. औष्णिक वीजकेंद्रांची राख आणि कोळशाची धूळ रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते, त्यामुळे गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरला वारा मिळत नाही. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरांच्या रांगांत गाडी तासन्‌तास रांगते. रांगत्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही, आतलं तेल घुसळलं जातं आणि तापतं. ठाण्यात घोडबंदर रोडला, पुण्याजवळ चाकणच्या चौकात, उरण-जेएनपीटीच्या वाटेवर हेच घडतं, फक्त एन्नोरला ते सगळं एका जागी आणि रोज पाहायला मिळतं.

मोटारीशी या गावाचं नातं जुनं आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अशोक मोटर्सने आधी ऑस्टिन ए४० या मोटारीची जुळणी केली. पुढे ब्रिटनच्या लेलँडशी करार झाला आणि १९५५ पासून ती कंपनी अशोक लेलँड झाली. एन्नोरचा कारखाना म्हणजे ट्रक आणि बस हे समीकरण तेव्हापासूनचं. इथल्या जुन्या फिटर मंडळींचा हात गिअरबॉक्सवर असा बसलेला असतो की आवाजावरून ते बेअरिंग ओळखतात. पण तोच तरबेज हात इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिकसमोर अडखळताना मी पाहिला आहे, आणि त्याने अडखळणं स्वाभाविक आहे, कारण इथे दोष बरेचदा आवाज करत नाही. तो व्होल्टमध्ये असतो.

भारतात ऑटोमॅटिक गाड्या बराच काळ श्रीमंतांच्या आणि परदेशातून परतलेल्यांच्या मानल्या गेल्या. नव्वदच्या दशकात मारुती झेनचं ऑटोमॅटिक मॉडेल आलं, १९९८ मध्ये होंडा सिटी आली, पण गल्लीतल्या गॅरेजपर्यंत त्या क्वचितच पोचायच्या. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरियोत एएमटी दिली आणि चित्र पालटलं. एएमटी म्हणजे साध्याच मॅन्युअल गिअरबॉक्सवर बसवलेली यंत्रणा. तुमच्याऐवजी ती क्लच दाबते आणि गिअर टाकते. किंमत आवाक्यात आली, मायलेज गेलं नाही, आणि शाळेतल्या शिक्षिकेपासून औषधविक्रेत्यापर्यंत सगळ्यांनी अशा गाड्या घेतल्या. त्या पहिल्या गाड्यांची वॉरंटी केव्हाच संपली आहे. दुसरा-तिसरा मालक त्या चालवतो आहे आणि शोरूमचं बिल त्याला परवडत नाही. तो येणार आहे तो आपल्याच गॅरेजमध्ये. म्हणून हे पुस्तक आत्ता हवं.

आतलं काम थोडक्यात सांगतो. सविस्तर वर्णन दुसऱ्या प्रकरणात आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि त्यात शक्ती तेलातून पलीकडे जाते. पुढे ग्रहमालेसारखे फिरणारे गिअरचे संच आणि त्यांना धरणारे-सोडणारे क्लचपॅक. कुठल्या पॅकवर तेलाचा दाब द्यायचा हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते. १९४० सालच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रा-मॅटिक आला तेव्हा हा सगळा निर्णय स्प्रिंगा, गव्हर्नर आणि तेल आपसात घेत. १९८०च्या दशकात तो निर्णय संगणकाकडे जाऊ लागला. आता टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा कंट्रोल मॉड्यूल, इनपुट आणि आउटपुट शाफ्टचा वेग, तेलाचं तापमान, लिव्हरची जागा, ब्रेकचा स्विच आणि इंजिनकडून येणारी थ्रॉटलची माहिती वाचतो आणि सोलेनॉइडना हुकूम देतो. सोलेनॉइड म्हणजे विजेवर उघडझाप करणारे छोटे व्हॉल्व्ह. काही नुसते चालू-बंद होतात, काहींना सेकंदाला शेकडो वेळा खंडित वीज देऊन दाब हवा तसा राखला जातो.

म्हणजे एका गिअरबॉक्समध्ये तीन यंत्रणा नांदतात : लोखंडाची, तेलाची आणि विजेची. गाडी झटका मारते तेव्हा तो झटका लोखंडातच जाणवतो, म्हणून संशयही लोखंडावरच जातो. माझं सांगणं असं की शोध उलट्या दिशेने घ्यावा. आधी वीज, मग तेल, लोखंड सगळ्यात शेवटी. वीज तपासायला हजार-दोन हजारांचा मल्टिमीटर पुरतो, गाडी जागची हलवावी लागत नाही आणि काही बिघडतही नाही. गिअरबॉक्स उतरवला की दोन दिवस गेले, सील गेली, आणि बंद डब्यात नसलेली धूळ आत शिरली. शिवाय एकदा उघडल्यावर काहीतरी बदलल्याशिवाय तो परत बसत नाही, हा आपल्या धंद्यातला अलिखित नियम आहे. मग मूळ दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण मर्सिडीजच्या ७२२.६ या पाच गिअरच्या गिअरबॉक्सचं आहे. १९९६ मध्ये तो आला, आणि पुण्यात जुळणी झालेल्या ई-क्लास, सी-क्लास गाड्यांमधून महाराष्ट्रभर फिरला. जुन्या बाजारात त्या गाड्या अजून हातोहात जातात. या गिअरबॉक्सच्या बाजूला तेरा पिनांचा कपलर आहे आणि तो ज्या प्लॅस्टिकच्या बुशमध्ये बसतो तिला दोन रबरी ओ-रिंगा आहेत. वर्षांनी त्या कडक होतात, तेल झिरपून कपलरमध्ये येतं. इथपर्यंत समजायला सोपं आहे. पुढचं पाहिल्याशिवाय पटत नाही : ते तेल वायरच्या आत, तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून, वातीत चढावं तसं वर चढतं आणि दूर बसवलेल्या कंट्रोल युनिटच्या पेटीत उतरतं. मग गाडी कधीही दुसऱ्या गिअरमध्ये अडकून बसते, कारण गोंधळ झाला की तो गिअरबॉक्स स्वतःला वाचवण्यासाठी दुसरा गिअर धरून ठेवतो. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की काही वेळ सगळं ठीक. मालकाला ‘गिअरबॉक्स ओव्हरहॉल’ असं सांगितलं जातं आणि लाखाच्या घरातला आकडा पुढे येतो. दोष असतो काही रुपयांच्या रबरात. कपलर सोडवून त्यात तेल आहे का एवढं पाहायला दहा मिनिटं लागतात, आणि ज्याने ती दहा मिनिटं दिली त्याने एका कुटुंबाचे लाख रुपये वाचवले.

विजेच्या तपासणीत आपल्याकडे एक सवय फार रुजली आहे, तिच्याविषयी इथेच बोलतो. मल्टिमीटर बीपवर ठेवायचा, वायरीच्या दोन टोकांना प्रोब लावायचे, बीप वाजली की वायर ‘ओके’. बीप कशाने वाजते? मीटर अगदी थोडा करंट सोडतो आणि रोध वीस-तीस ओहमच्या आत असला तरी वाजतो. आता गणित करा. एका सोलेनॉइडचा रोध १२ ओहम आहे. १२ व्होल्टला त्यातून एक अँपिअर जायला हवा. खाऱ्या हवेने गंजलेल्या पिनेमुळे वाटेत फक्त ३ ओहम वाढले, तर एकूण रोध १५ ओहम, करंट ०.८ अँपिअर, आणि सोलेनॉइडला मिळतात ९.६ व्होल्ट. बाकीचे २.४ व्होल्ट पिनेत जिरले. मीटर मात्र आनंदाने वाजणार. गार गाडीत सोलेनॉइड एवढ्यावरही उघडेल, तापल्यावर तांब्याचा रोध वाढला की अर्धवट उघडेल, आणि ग्राहक सांगेल, ‘सकाळी छान चालते, ऑफिसला पोचेपर्यंत झटके सुरू.’

म्हणून वायर तपासायची ती काम करताना. सोलेनॉइड चालू असताना, मोटर फिरत असताना, लोड असताना तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट गळतात ते मोजायचं. अर्थिंगच्या वाटेवर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त गळती दिसली तर तिथे थांबायचं, पुढे जायचं नाही. एन्नोरच्या किनाऱ्यालगत ठेवलेल्या गाड्यांमध्ये बॉडीला कसलेली अर्थची चकती मी आधी पाहतो. वरून रंग चकचकीत असतो, खाली गंजाची पापडी. तीच गोष्ट सीएएन वायरिंगची. इंजिनचा संगणक आणि टीसीएम ज्या दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात त्यांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात, म्हणून बॅटरी सोडवून मोजल्यावर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलं आहे. हे मोजायला कुठलाही महागडा स्कॅनर लागत नाही, आणि यू०१०१, म्हणजे ‘टीसीएमशी संपर्क तुटला’, हा कोड आल्यावर सर्वांत आधी करायची गोष्ट हीच.

कोडविषयी या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. त्याचा गाभा एवढाच की कोड ही साक्ष आहे आणि साक्षीची उलटतपासणी करावी लागते. पी०७०० हा तर स्वतः दोषच नाही. टीसीएमने इंजिनच्या संगणकाला ‘माझ्याकडे काहीतरी नोंदलं गेलं आहे, दिवा लाव’ असं सांगितल्याची ती खूण. तो कोड पाहून गिअरबॉक्सचा भाव करणारे लोक आहेत. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. समजा गुणोत्तर १.४ आहे आणि आउटपुट शाफ्ट मिनिटाला १५०० फेरे घेतो आहे. मग टर्बाइन २१०० दाखवायला हवा. दाखवतोय २४५०. साडेतीनशे फेऱ्यांची घसरण! क्लचपॅक जळाला? कदाचित. पण त्याच क्षणी इंजिनचे आरपीएम बघा. गाडी ओढत असताना टर्बाइन इंजिनापेक्षा वेगाने फिरू शकत नाही, हे निसर्गाचं बंधन आहे. इंजिन २१५० वर असेल आणि सेन्सर २४५० सांगत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलते आहे, क्लचपॅक निर्दोष आहे. इंजिनसुद्धा अडीच हजारांवर उडालं असेल, रेस वाढली आणि गाडी ओढत नाही असं ग्राहकही म्हणत असेल, तर खरोखर घसरण आहे. स्कॅनरवर तीन आकडे एका वेळी पाहण्याची सवय लागली की निम्मे गिअरबॉक्स टेबलावर यायचे थांबतील, असं मला मनापासून वाटतं.

ग्राहकाचं ऐकणं हीदेखील तपासणीच आहे, आणि ती आपण सर्वांत घाईने उरकतो. ‘झटका मारते’ या दोन शब्दांत दहा वेगळे दोष मावतात. उभ्या गाडीत लिव्हर डी वर टाकताना? की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना? गार असताना की अर्ध्या तासाने? एसी लावल्यावर? नवी बॅटरी बसवल्यापासून? या शेवटच्या प्रश्नाने मला अनेकदा हात दिला आहे. काही गाड्यांत बॅटरी सुटली की टीसीएमने क्लचची झीज पाहून शिकलेली मापं पुसली जातात आणि पुन्हा शिकेपर्यंत गाडी अडखळते. लिव्हर पी मधून निघतच नसेल तर आधी ब्रेक दाबून मागचा दिवा लागतो का ते पाहावं. ब्रेक दाबल्याचा निरोप मॉड्यूलला पोचला नाही की लिव्हर सुटत नाही, आणि साधा ब्रेक-लाइट स्विच संपूर्ण गिअरबॉक्सला आरोपी बनवतो. शक्य असेल तर चाचणीच्या फेरीत गाडी ग्राहकालाच चालवायला द्यावी आणि आपण शेजारी बसावं. आपला पाय आणि त्याचा पाय वेगळा असतो.

तेलाबाबत मी हट्टी आहे. ‘लाइफटाइम फिल’ असं पुस्तिकेत छापलेलं असतं आणि मालक निर्धास्त होतात. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र आपल्या ऑटोमॅटिकचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. चेन्नईत जुळणाऱ्या बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये याच कंपनीचे आठ गिअरचे गिअरबॉक्स असतात. बनवणाऱ्याचा शब्द मानायचा, की गाडी विकणाऱ्याचा? माझं उत्तर स्पष्ट आहे. तेलाची पातळी पाहताना ती ठरलेल्या तापमानाला आणि कंपनीने सांगितलेल्या रीतीनेच पाहावी. गार तेलाची पातळी काहीच सांगत नाही. आणि दुकानातून नुसतं ‘लाल तेल’ आणून ओतणं आता तरी बंद व्हावं. सीव्हीटीमध्ये लोखंडी पट्टा दोन पुलींमध्ये दाबला जातो. ती पकड त्याच्या खास तेलावर अवलंबून असते, आणि स्टिअरिंगचं उरलेलं लाल तेल त्यात गेलं तर पट्टा घसरून पुली ओरखडते. त्यावर मग दुरुस्ती उरत नाही.

तेल आणि वीज एकमेकांच्या कामात कशी ढवळाढवळ करतात याचा मोठा धडा फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या डीएसजीने दिला. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या पोलो आणि व्हेंटोच्या काही मॉडेलांत हाच गिअरबॉक्स होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांसाठी तेल बदलण्याची मोहीम जाहीर केली. उष्ण आणि दमट हवेत, थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत, आतल्या सिंथेटिक तेलामुळे विजेचा पुरवठा बिघडू शकत होता. उपाय होता त्याऐवजी मिनरल तेल घालणं. जर्मनीच्या थंड हवेत न दिसणारी गोष्ट आपल्यासारख्या हवामानात दिसते. आपण जिथे काम करतो तिथलं हवामान हा तपासणीचाच भाग आहे, हे मी याच उदाहरणातून विद्यार्थ्यांना सांगतो.

दुसरं उदाहरण चेन्नईच्या अधिक जवळचं. मरैमलै नगरच्या कारखान्यात फोर्डने फिएस्टा आणि इकोस्पोर्ट बनवल्या आणि त्यांच्या काही मॉडेलांत पॉवरशिफ्ट हा कोरड्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स दिला. याच जातीच्या गिअरबॉक्सच्या थरथरीवरून अमेरिकेत मोठा सामूहिक खटला चालला. ऑस्ट्रेलियात या गिअरबॉक्सच्या सुमारे ७० हजार गाड्या विकल्या गेल्या होत्या. तक्रार घेऊन आलेल्या मालकांना, तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे असं होतं, असं ऐकवलं गेलं होतं. तिथल्या ग्राहक आयोगाने प्रकरण न्यायालयात नेलं आणि एप्रिल २०१८ मध्ये फोर्ड ऑस्ट्रेलियाला एक कोटी डॉलरचा दंड झाला. २०१७च्या नव्या इकोस्पोर्टमध्ये भारतात टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स आला. निदान चुकलं तर त्याची किंमत कोण मोजतं, हे या खटल्यात लख्ख दिसतं. चालकावर ठपका ठेवणं हेसुद्धा एक निदान आहे आणि त्यालाही पुरावा लागतो.

पुराच्या गाड्यांवर मी बरीच पानं दिली आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाने पुन्हा. त्या वेळी मणलीच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या परिसरातलं तेल पाण्याबरोबर वाहत एन्नोरच्या खाडीत आलं आणि कोळ्यांच्या होड्या, जाळी काळी झाली. ज्या वस्त्यांमध्ये ते पाणी घुसलं तिथल्या गाड्यांचे कपलर खारं पाणी, चिखल आणि तेल यांच्या मिश्रणात भिजले. आपल्याकडे २०१९ला सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ला चिपळूणमध्ये शेकडो घरांपुढच्या गाड्यांचं तेच झालं. अशा गाडीला स्टार्टर मारणं हा पहिला घात. गिअरबॉक्सला हवा घेण्यासाठी एक छोटी नळी असते. पाणी तिच्याही वर गेलं की ते तिथून आत शिरतं आणि तेल दुधाळ गुलाबी होतं. क्लच प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं असतं आणि डिंकाने चिकटवलेलं असतं. पाणी त्या तंतूंत मुरतं आणि डिंक सुटतो. तेल काढून नवं घातलं, गाडी चालली, मालक खूष झाला, आणि दोन महिन्यांनी अस्तराचे तुकडे व्हॉल्व्ह बॉडीत अडकले, हा क्रम मी वारंवार पाहिला आहे. म्हणून पुरातल्या गाडीच्या बाबतीत माझा क्रम थोडा बदलतो : बॅटरी सोडवल्यावर लगेच तेलाचा रंग. सीटखाली किंवा गालिच्याखाली मॉड्यूल बसवलेला असेल तर तो काढून कोरडा केल्याशिवाय बॅटरी परत जोडायची नाही. ओल्या सर्किटवर वीज आली की तांबं काही तासांत खाल्लं जातं. ती गाडी बुडूनही वाचली असती, पण घाईने मेली.

आता गॅरेजवाल्यांच्या अडचणीविषयी. हे सगळं शिकूनही काही कामं अडतात, कारण क्लच बदलल्यावर नवी मापं शिकवण्याची आज्ञा किंवा नव्या मॉड्यूलचं कोडिंग कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद असतं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू द्यायची नाहीत, या वागण्याबद्दल तो होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनक्षेत्रही घेतलं. दरवाजा किलकिला झाला आहे एवढं म्हणता येईल. पण दरवाजा उघडल्यावर आत जाण्यासाठी आपल्या हाती वाचता येणारं ज्ञान हवं, आणि ते मराठीत जवळपास नाही. आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा मोबाइलवर परभाषेतले व्हिडिओ बघून गिअरबॉक्स उघडायला शिकतो. उघडायला सगळे शिकवतात. न उघडता कसं ओळखायचं हे सांगणारा विरळा, आणि ज्याला सांगता येतं त्याने आपल्या भाषेत लिहिलेलं असेल तर त्या मुलाला तो विचार स्वतःचा करता येईल. माझ्या मते या पुस्तकाचं सर्वांत मोठं काम हेच आहे.

काय नाही तेही सांगतो. हायब्रिड गाड्यांचे गिअरबॉक्स मी इथे घेतलेले नाहीत. त्यांत उच्च दाबाची वीज असते, आणि त्यासाठीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणी पुस्तक वाचून त्यांत हात घालू नये. ट्रक-बसचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उल्लेखापुरते आहेत. स्टॉल टेस्टचं, म्हणजे ब्रेक दाबून धरून गिअरमध्ये रेस वाढवून पाहण्याचं, वर्णन दिलं आहे, पण ती पाच सेकंदांपेक्षा जास्त करायची नाही, कोरड्या दुहेरी क्लचच्या आणि एएमटीच्या गाडीवर करायचीच नाही, आणि गाडीसमोर कुणी उभं असताना तर मुळीच नाही. सोलेनॉइडच्या रोधाचे जे आकडे दिले आहेत ते समजण्यापुरते. हातातल्या गाडीचा आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

पहिलं प्रकरण बॅटरीवर आहे आणि त्यात एकाही गिअरचं नाव येत नाही. काही वाचकांना ते ओलांडून थेट व्हॉल्व्ह बॉडीकडे जावंसं वाटेल. तसं करू नका. प्रत्येक प्रकरणाअखेर जॉबकार्डला जोडायचा एक कोरा तक्ता दिला आहे. त्यात तक्रार ग्राहकाच्या शब्दांत, मग गार आणि गरम अशा दोन्ही वेळचे व्होल्ट, तेलाचं तापमान आणि रंग, तीन आरपीएम, आणि सगळ्यात शेवटी कोड लिहायचा. कोडचा रकाना शेवटी ठेवला आहे तो जाणूनबुजून. वरचे रकाने भरले नसतील तर गिअरबॉक्सचा एकही बोल्ट सैल करायचा नाही, ही शिस्त आपापल्या गॅरेजमध्ये लावा, आणि भरलेले तक्ते फेकू नका, फाइलला लावून ठेवा. पुढच्या गाडीला तेच उपयोगी पडतील.